लहान, हलकी आणि घुमणारी गिटार घेताना

(लातूरच्या आमच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात पाऊल टाकताच बरेच जण म्हणतात, "अडतीसची दाखवा." हा अडतीस इंचांचा आकडा डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीचा. आपल्याकडे गिटारी ३८, ३९, ४०, ४१ अशा इंचांवरच विकल्या जातात, तेव्हा यात ग्राहकाचा काही दोष नाही. पण या आकड्यावरून बॉडी केवढी, लाकूड कोणतं, तार किती लांबीची, यातलं काहीच कळत नाही. स्वस्तातली अडतीस इंची गिटार अंगाने लहान असते खरी, पण बहुतेकदा ती जाड प्लायची असते आणि वरून रंगाचा जाड थर दिलेला असतो. हातात घेतली की दगड, वाजवली की मुकी. लहान गिटार हलकी असेलच असं नाही, आणि नुसती लहान असून ती घुमत नाही. हे पत्रक छापलं ते एवढ्यासाठीच.

लहान बॉडीची चौकशी आमच्याकडे जास्त करतात ती रूमवर राहून नीट-जेईईची तयारी करणारी मुलं. कॉटवर बसून अर्धा तास वाजवायचं, शेजारच्या रूमला त्रास नको, सुट्टीत गावी नेताना एसटीत मांडीवर मावली पाहिजे. त्यांच्यासोबत आलेले वडील हमखास म्हणतात, "पैसे तेवढेच लागायलेत तर मोठीच घेऊ की!" काका, साडी घेताना पन्हा बघतात तसा हा व्यवहार नाही.

मोठ्या बॉडीची जी गिटार आज सगळीकडे दिसते तिला ड्रेडनॉट म्हणतात. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने ती १९१६ मध्ये डिटसन या दुसऱ्या कंपनीसाठी बनवली आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकली. नाव पडलं ते एका इंग्रजी युद्धनौकेवरून. त्याआधीच्या गिटारी बहुतेक लहानच असायच्या. ड्रेडनॉट खालच्या बाजूला साडेपंधरा इंचांहून थोडी जास्त रुंद असते. लहान मापांपैकी डबल-ओ नावाची गिटार सव्वाचौदाच्या आसपास, सिंगल-ओ साडेतेरा, आणि पार्लर त्याहून थोडी कमी. फरक एक ते अडीच इंचांचा, पण उजवा हात त्यावरून टाकून बसलं की खांद्याला लगेच कळतो.

आवाजातही फरक पडतो, आणि तो आम्ही लपवणार नाही. आत हवा कमी, त्यामुळे खर्ज बारीक होतो. बदल्यात मधले आणि वरचे सूर स्वच्छ येतात, एकेक तार सुटी ऐकू येते. बोटांनी छेडून वाजवणाऱ्याला आणि गुणगुणत गाणाऱ्याला ही गिटार साथ देते. गॅदरिंगमध्ये माइकशिवाय दणकून स्ट्रमिंग करायचं असेल, म्हणजे सगळ्या तारा एकदम झंकारायच्या असतील, तर मात्र ड्रेडनॉटच घ्या.

आता मुख्य मुद्दा, टॉपचा, म्हणजे बॉडीच्या वरच्या फळीचा. तारा ज्या पट्टीवर अडकवलेल्या असतात त्या ब्रिजवरून त्यांचा ताण या फळीवर येतो, ती फळी थरथरते आणि तीच बोलते. स्पेनचे कारागीर अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार केली. तिची मागची बाजू आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या, वरची फळी मात्र स्प्रूस या लाकडाची. टॉप चांगला असला की गिटार बोलते, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. म्हणून मागची बाजू शिसवाची की महोगनीची, यावर दुकानात अर्धा तास घालवू नका. शिसव दिसायला देखणं आणि वजनाला जड. महोगनी साधारण हलकी पडते. तुमचं बजेट मर्यादित असेल तर ते टॉपवर खर्च करा: सॉलिड टॉप, म्हणजे थर न चिकटवलेली अस्सल लाकडाची फळी, मग बाकीचं प्लाय असलं तरी चालेल.

सॉलिड टॉप ओळखायला साउंडहोलचा, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाचा, काठ बघा. वरच्या लाकडाच्या उभ्या रेषा काठावरून सरळ खाली जाडीतही उतरलेल्या दिसल्या, तर फळी सॉलिड. थरावर थर दिसले, तर प्लाय. काठ रंगाने किंवा पट्टीने झाकलेला असेल तर बिनधास्त विचारा. मोबाइलचा टॉर्च आत मारून ब्रेसिंगच्या, म्हणजे टॉपला आतून आधार देणाऱ्या, पट्ट्याही बघा. पट्ट्या सडपातळ आणि टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या असल्या, तर बनवणाऱ्याने वजनाचा विचार केलाय असं समजा.

काउंटरवर आम्ही वजनकाटा ठेवला आहे. लोक हसतात, पण ठेवला आहे. चांगली हलकी लहान गिटार साधारण दीड किलोच्या आसपास भरते. प्लायची मोठी, त्यात पिकअप (आवाज स्पीकरला जोडायची सोय) आणि बॅटरीचा डबा असलेली गिटार दोन किलोच्या वर जाते. वजन केल्यावर ती मांडीवर ठेवून हात सोडून बघा. नेक, म्हणजे दांडी, खाली झुकत असेल तर खुंट्या जड आहेत, आणि तासाभरात डावा हात दुखणार.

मग टकोरा. ब्रिजच्या बाजूला बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. हलक्या टॉपमधून 'धम्म' असा मोकळा आवाज येतो, जाड प्लायमधून नुसता 'टक'. त्यानंतर सर्वात जाड तार एकदाच छेडा आणि गिटारची पाठ छातीला टेकवून थांबा. आस, म्हणजे मागे रेंगाळणारा सूर, किती वेळ टिकते ते कानाने ऐका, पाठ थरथरते का ते छातीला कळेल. तानपुरा ऐकलेल्या माणसाला आस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शेवटी गिटार दुकानातल्या आमच्या मुलाच्या हातात द्या आणि स्वतः पाच-सहा फूट समोर उभे राहा. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं त्यापेक्षा समोर वेगळं ऐकू येतं. हे सगळं सकाळी करायला या. संध्याकाळी गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत हॉर्न वाजत असताना चांगल्या-वाईट दोन्ही गिटारी सारख्याच वाटतात.

तारेची लांबी, म्हणजे स्केल, हा बॉडीपेक्षा वेगळा हिशेब आहे. तीच तार, तोच सूर, पण स्केल ६५० मिलिमीटरऐवजी ६०० असेल तर ताण सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो. बोटं कमी दुखतात. यामाहाच्या एफजी ८०० चं स्केल ६५० मिमी आहे. तिचंच लहान रूप असलेल्या एफएस ८०० चं ६३४, आणि टॉप दोन्हींचा सॉलिड स्प्रूस. टेलरची जीएस मिनी त्याहून आखूड, ६०० च्या किंचित आत. पूर्ण म्हणजे ६५० च्या स्केलवर १२ नंबरच्या तारांचा (नंबर जितका मोठा तितक्या तारा जाड) एकूण ताण ७० किलोच्या थोडा वर जातो, १० नंबरच्या तारांचा साधारण ६० किलो. म्हणून कुणी सांगतं, सरसकट १० लावा. आखूड स्केलवर तसं करू नका, तारा ढिल्या पडून आवाज मरतो. तिथे १२ च बऱ्या. आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, ब्रिज उपसून येईल.

हलक्या सॉलिड टॉपची एक बाजू मराठवाड्यात राहणाऱ्याला आधीच माहीत असलेली बरी. अशा लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा पार कोरडी पडते. लाकूड आडवं आकसतं, टॉप किंचित खाली बसतो, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचू लागतात, आणि तरीही लक्ष दिलं नाही तर ब्रिजच्या मागे चीर जाते. जुलैत उलटं होतं: टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात. कूलर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. कूलरसमोर उभी केलेली गिटार दिवसभर ओली हवा पिते, लाइट गेली की पुन्हा कोरडी पडते, आणि हा हेलकावाच तिला जास्त मारतो. वाजवून झाली की केसमध्ये ठेवा. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज घालून ती केसमध्येच ठेवा, पाणी गळणार नाही एवढं बघून. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको, डिंक सैल होऊन ब्रिज उचलतो.

एवढी निगा तुमच्याकडून होणार नसेल, तर प्रामाणिक सल्ला: प्लाय टॉपचीच लहान गिटार घ्या. आवाज थोडा कमी, पण भिंतीवर टांगा, गावी न्या, भाच्यांच्या हातात द्या, ती सहज तक्रार करणार नाही.

नवी घेतलेली प्रत्येक गिटार आम्ही सेटअप करूनच, म्हणजे तारांची उंची जुळवूनच, देतो. बाराव्या फ्रेटपासून जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच, बारीक तार दोनच्या आसपास. पावसाळा लागल्यावर एकदा दाखवायला आणा. जुनी किंवा दुसरीकडून घेतलेली गिटारही तपासून देतो, फक्त आणताना तारा उतरवू नका. ब्रिजमागचा फुगवटा आणि नेकचा वाक ताण असतानाच दिसतो.