रेप्लिकेशन बफर

मुख्य सर्व्हरवर लिहून झालेला, पण दूरच्या प्रतीत अजून न उतरलेला डेटा ज्या राखीव जागेत थांबतो, तिला रेप्लिकेशन बफर म्हणतात. सॉफ्टवेअरगणिक नाव बदलते: कुठे जर्नल, कुठे रिले लॉग, कुठे ट्रेल फाइल. काम एकच, ओळ न मोडता वाट पाहायला लावणे. कारण नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने पलीकडे उतरल्या नाहीत, तर ती प्रत कुचकामी ठरते.

बफर लागतो तो अंतरामुळे. सेबीने मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारांसारख्या संस्थांना आपले पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर दूर ठेवायला सांगितले. मुंबई क्षेत्र तीनमध्ये आणि नागपूर क्षेत्र दोनमध्ये धरले जात आले आहे. दोहोंत सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटर. म्हणजे जोडी चांगली जमते. पण प्रकाशाला काचेच्या तंतूतून किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात आणि केबल कधी नाकासमोर जात नाही. ती ९०० किलोमीटरची धरली तर जाऊन-येऊन ९ मिलिसेकंद होतात. प्रत्येक नोंदीमागे मुंबईच्या सर्व्हरने नागपूरच्या होकारासाठी एवढे थांबायचे, हे वर्दळीच्या प्रणालीला परवडत नाही. म्हणून ‘आधी लिही, मग पाठव’ ही असिंक्रोनस पद्धत येते, आणि तिच्याबरोबर बफर.

आकाराचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. महिनाअखेरीला सेकंदाला १२ मेगाबाइट लिहिले जात असतील आणि रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडून लाइन ६ तास बंद पडली (सिमेंट रस्त्यांच्या नागपुरात हे कुणाला सांगायला नको), तर सुमारे २६० गीगाबाइट साचतात. दीडपट धरून ४०० ठेवावेत. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि उपसा विसरतात. १०० मेगाबिटची लाइन सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट नेते. बारा येतच राहिले तर उपसायला उरतो अर्धा मेगाबाइट, आणि साचलेले संपायला सहा दिवस लागतात. लाइन दुप्पट केली की तेच काम साडेपाच तासांत होते. अशा वेळी डिस्कवर खर्च करण्यात अर्थ नसतो, लाइनवर असतो.

खरा प्रश्न मात्र आकाराचा नाही, सांडव्याचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालची अंबाझरी लेआउट, डागा लेआउट पाण्यात गेली. पुढे सांडव्याच्या वाटेतल्या बांधकामांचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. बफरही कधीतरी भरणारच. तेव्हा कुणाला बुडवायचे, मुख्य सर्व्हरला की प्रतीला, हे आधी ठरवलेले असावे लागते.

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये हा निर्णय अगदी उघड दिसतो. रेप्लिकेशन स्लॉट (प्रतीने कुठवर उचलले याची मुख्य सर्व्हरवरची खूण) लावला की प्रतीने न उचललेल्या वॉल फाइली (बदलांच्या नोंदवहीचे तुकडे, मुळात प्रत्येकी १६ मेगाबाइटच्या) मुख्य सर्व्हर पुसत नाही. प्रत बंद पडली आणि स्लॉट तसाच विसरला गेला, तर डिस्क भरते आणि चालू डेटाबेसच बसतो. २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचे याला कमाल मर्यादा घालता येते, पण मुळातले मूल्य ‘मर्यादा नाही’ असेच आहे. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो. राखलेले वॉल अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या फाइलींच्या वेगळ्या साठ्यात, नसतील, तर प्रत नव्याने उभारावी लागते. डिस्कची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या डीआरबीडी या सॉफ्टवेअरमध्ये तिसरी वाट आहे: लाइन तुंबली की नोंदींची रांग सोडून फक्त ‘डिस्कचे कोणते ब्लॉक (तुकडे) बदलले’ एवढी खूण ठेवायची आणि नंतर तेवढेच पाठवायचे. त्यात जागा वाचते, क्रम मात्र हरवतो. ते ब्लॉक भरले जात असताना प्रत अर्धवट असते; त्याआधी तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली नक्कल) घेतलेला नसेल आणि नेमके तेव्हाच मुख्य केंद्र गेले, तर हाती काहीच राहत नाही.

बफर कुठे आहे हेही पाहावे. मायएसक्यूएल या डेटाबेसचा रिले लॉग प्रतीच्या बाजूला असतो. त्यात शिरलेली नोंद अजून लागू झाली नसली तरी नागपुरात पोचलेली असते. मुंबईच्या बाजूला साचलेली नोंद मुंबईबरोबर बुडू शकते. दोन्हीकडे ‘२० मिनिटे मागे’ असेच दिसेल, अर्थ मात्र वेगळा.

मांडणीबद्दल थोडक्यात: बफरला स्वतंत्र व्हॉल्यूम (साठवणीचा वेगळा भाग) द्यावा, मिरर केलेला (एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जाणारा), आणि त्याची सगळी जागा आधीच राखून ठेवलेला. नुसत्या रॅममधला बफर वीज गेली की जातो.

इशारा टक्क्यांवर लावू नये, उरलेल्या वेळेवर लावावा. लाइन बंद असताना ४०० गीगाबाइटचा बफर ७० टक्के भरला, तर रात्री सेकंदाला एक मेगाबाइट येत असताना हाताशी ३३ तास असतात. महिनाअखेरीच्या दुपारी सेकंदाला बारा येत असताना पावणेतीन तासच.