श्वान प्रशिक्षण केंद्र बंद करताना: कोणते अर्ज, कोणती कागदपत्रे आणि कोणत्या क्रमाने

जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइस, बॉर्डर कोली अशा मुळात मेंढ्या आणि गुरे वळण्यासाठी तयार झालेल्या जातींच्या कुत्र्यांना आज्ञापालनाचे व राखणीचे शिक्षण देणारी छोटी केंद्रे महाराष्ट्रात शहरांच्या हद्दीबाहेर, बहुधा भाड्याच्या शेतजागेत चाललेली दिसतात. (धनगरांची कुत्री कळपाबरोबर फिरतच तयार होतात आणि त्यासाठी कोणी शुल्क आकारत नाही, त्यामुळे त्यांचा येथे विचार केलेला नाही.) असे केंद्र बंद करणारा मालक फाटकाला कुलूप लावतो, फलक उतरवतो आणि काम संपले असे धरून चालतो. सरकारी दफ्तराच्या दृष्टीने मात्र घेतलेली प्रत्येक नोंदणी रद्द होईपर्यंत जिवंत असते आणि तिच्यामागे विवरणपत्रे, विलंब शुल्क व नोटिसा येत राहतात.

पुढील माहिती एकल मालकीच्या, म्हणजे मालकाच्याच पॅनवर चालणाऱ्या केंद्रासाठी आहे. भागीदारी संस्था असेल तर विसर्जनाचा लेख करून भागीदारी निबंधकाकडे त्याची नोंद करावी लागते. कंपनी बंद करण्याची वाट पूर्णपणे वेगळी असून ती सनदी लेखापालाशिवाय चालू नये.

सर्वांत आधी व्यवसाय बंद झाल्याची एकच तारीख ठरवावी आणि ती साध्या कागदावर स्वाक्षरीसह लिहून ठेवावी. वस्तू व सेवा कर, दुकाने कायदा, व्यवसाय कर आणि जागामालकाशी होणारा हिशेब या सगळ्यांत हीच तारीख येणार आहे. एका अर्जात मार्चअखेर, दुसऱ्यात जून आणि भाडे मात्र ऑगस्टपर्यंत भरलेले, अशी विसंगती राहिली की खुलासे मागवले जातात. तारीख शक्यतो महिनाअखेरची घ्यावी, म्हणजे शेवटचे विवरणपत्र तयार करणे सोपे जाते.

केंद्रातील कुत्री आणि ग्राहकांचे पैसे

शिक्षणासाठी किंवा मुक्कामाला ठेवलेली कुत्री ग्राहकांच्या मालकीची असतात. केंद्रचालक त्यांचा निक्षेपग्राही, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणारा, ठरतो आणि हे नाते भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ पासून पुढच्या तरतुदींनुसार चालते. प्रत्येक ग्राहकाला लेखी सूचना द्यावी, कुत्रे परत नेण्याची मुदत त्यात नमूद करावी आणि परत देताना पोचपावती घ्यावी. पावतीत मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक, रेबीजच्या लशीची शेवटची तारीख आणि हस्तांतराच्या वेळची प्रकृती लिहावी. मुक्कामी असलेली कुत्री व्याली तर पिल्ले कोणाची, हा प्रश्न वरवर वाटतो तितका दुर्मीळ नाही. कलम १६३ मध्ये नेमके असेच उदाहरण आहे: सांभाळायला दिलेल्या गायीला वासरू झाले तर गायीबरोबर तेही परत द्यावे लागते. तेव्हा वेगळा करार झालेला नसेल तर पिल्ले ग्राहकाचीच.

शुल्क थकवणाऱ्या ग्राहकाचे कुत्रे अडवून ठेवावे काय? कौशल्याचे काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करून दिलेल्या व्यक्तीला मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क कलम १७० देते, हे खरे आहे. परंतु बंद होत असलेल्या केंद्रात अडवलेल्या कुत्र्याचा खुराक, औषधे आणि देखभाल रोज अंगावर पडते, आणि येणे रक्कम त्याहून मोठी क्वचितच असते. कुत्रे परत देऊन थकबाकीची लेखी कबुली घेणे अधिक शहाणपणाचे. कोणी कुत्रे न्यायलाच आले नाही तरी त्याला रस्त्यावर सोडून देता येत नाही. भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला १० ते ५० रुपयांचा दंड आज हास्यास्पद वाटतो, पण म्हणून गुन्ह्याची नोंद क्षुल्लक ठरत नाही. अशा वेळी नोंदपोच पत्राने सूचना पाठवून तिची प्रत जपावी आणि कुत्र्याला नोंदणीकृत प्राणी कल्याण संस्थेकडे लेखी हस्तांतर करून सोपवावे.

मालकाची स्वतःची कुत्री दुसऱ्याला द्यायची असतील तर महापालिकेचा श्वान परवाना आणि केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, यांपैकी जे असेल त्यात नव्या मालकाचे नाव लावून घ्यावे. पिल्लांची पैदास व विक्रीही होत असेल तर श्वान पैदास व विपणनासंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे केलेली नोंदणी असणार. तिथे काम थांबवल्याचे स्वतंत्रपणे कळवावे. चित्रीकरणासाठी किंवा तिकीट लावून होणाऱ्या खेळांसाठी कुत्री तयार केली असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडील नोंदणीबाबतही तेच करावे. निव्वळ घरगुती आज्ञापालन आणि राखण शिकवणाऱ्यांना या दोन्ही नोंदण्यांचा संबंध येत नाही.

ग्राहकांनी आगाऊ भरलेले आणि न वापरलेले शुल्क परत करावे लागते. व्यवसाय वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर ज्या आगाऊ रकमेबद्दल सेवा दिली गेली नाही, तिच्यासाठी परतावा प्रमाणक (रिफंड व्हाउचर) काढावे, आणि जिथे बीजक (इन्व्हॉइस) आधीच निघाले आहे तिथे जमा-चिठ्ठी (क्रेडिट नोट) द्यावी. ही कामे नोंदणी रद्द करण्याच्या अर्जाआधी उरकावीत, कारण नंतर त्यांचा हिशेब विवरणपत्रात बसवणे अवघड होते.

वस्तू व सेवा कराची नोंदणी

सर्वाधिक चुका इथे होतात. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल आणि नोंदणी घेतलेलीच नसेल, तर हा भाग सोडून पुढे जावे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला करमाफी आहे. प्रशिक्षण आणि मुक्काम या सेवांना ती नाही. म्हणून मोठ्या केंद्रांकडे नोंदणी असतेच.

व्यवसाय बंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत जीएसटी पोर्टलवर आरईजी-१६ हा अर्ज भरावा. मालकाचे निधन झाले असल्यास कायदेशीर वारस हा अर्ज करू शकतो. त्यात रद्द करण्याचे कारण, तारीख, त्या दिवशी शिल्लक असलेला माल व भांडवली वस्तू, त्यांच्यावरील कराचे देणे आणि पुढील पत्रव्यवहाराचा पत्ता द्यावा लागतो. या शेवटच्या रकान्यात केंद्राचा पत्ता लिहू नये. जागा सोडल्यावर तिथे आलेली नोटीस हाती पडत नाही आणि उत्तराची मुदत उलटून जाते. म्हणून घरचा पत्ता आणि चालू राहणारा मोबाइल क्रमांकच द्यावा. अर्ज दाखल झाल्यावर नोंदणी निलंबित मानली जाते आणि नेहमीची विवरणपत्रे थांबतात, पण त्याआधीच्या काळातली थकलेली विवरणपत्रे भरावीच लागतात. अर्ज परिपूर्ण असेल तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत आरईजी-१९ या नमुन्यात रद्दीचा आदेश काढावा, असा नियम आहे.

शिल्लक वस्तूंच्या खरेदीवर दिलेल्या कराची पूर्वी घेतलेली वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) परत भरावी लागते, हे अनेकांना आदेश हाती आल्यावर कळते. खुराकाच्या न उघडलेल्या गोण्यांसारख्या मालावर घेतलेली वजावट किंवा त्या मालावर लागू होणारा कर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरायची. पिंजरे, कॅमेरे, उड्यांचे अडथळे अशा भांडवली वस्तूंचे आयुष्य ६० महिने धरून उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात वजावट काढली जाते. समजा, पिंजऱ्यांवर १८,००० रुपये कराची वजावट घेतली होती आणि ते ३६ महिने वापरले. तर उरलेल्या २४ महिन्यांचे ७,२०० रुपये होतात. तेच पिंजरे ३०,००० रुपयांना विकले तर १८ टक्क्यांनी कर ५,४०० रुपये येतो. या दोहोंपैकी मोठी रक्कम, म्हणजे ७,२०० रुपये, भरावी लागते. यासाठी मूळ खरेदी बिले लागतात, म्हणून आवराआवरीत ती रद्दीत जाऊ देऊ नयेत.

रद्दीच्या आदेशाने काम संपत नाही. रद्दीची तारीख किंवा आदेशाची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते. उशीर झाल्यास केंद्राच्या व राज्याच्या कायद्यांखाली प्रत्येकी १०० रुपये रोज आणि प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते. आपसमेळ (कंपोझिशन) योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या करदात्यांना हे विवरणपत्र नाही. अर्जच केला नाही तर सलग विवरणपत्रे न भरल्याच्या कारणावरून कर विभाग स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतो, पण त्याने मागचे देणे माफ होत नाही. जीएसटी पोर्टलवरील रोख खातेवहीत पैसे उरले असल्यास त्यांच्या परताव्याचा अर्ज वेगळा करावा.

कामगार, व्यवसाय कर आणि दुकाने कायदा

वेतन संहिता, २०१९ नुसार आस्थापना बंद झाल्यामुळे काम गेलेल्या कामगाराचे वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. पावतीवर स्वाक्षरी घ्यावी आणि अनुभवाचे पत्र मागितल्याशिवाय द्यावे. कुत्री हाताळणाऱ्या माणसाला पुढचे काम त्याच कागदावर मिळते. भविष्य निर्वाह निधी किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेचा संकेतांक घेतला असेल तर तोही बंद करावा.

व्यवसाय कराची दोन प्रमाणपत्रे असतात. कामगारांच्या पगारातून कर कापण्याचे नोंदणी प्रमाणपत्र महाजीएसटी संकेतस्थळावरून रद्द करावे. मालकाच्या स्वतःच्या नावावरील, वर्षाला २,५०० रुपयांचे नावनोंदणी प्रमाणपत्र मात्र विचार करूनच रद्द करावे, कारण उद्या तो दुसरा व्यवसाय करणार असेल तर ते लागणारच आहे. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली दिलेली सूचना, म्हणजे बोलीभाषेतला गुमास्ता, महिनाभरात ऑनलाइन बंद केल्याचे कळवावे. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणीही आधारच्या ओटीपीने उद्यमच्याच संकेतस्थळावरून रद्द होते.

आयकर, वीज आणि बँक

एकल मालकीत पॅन परत करायचा नसतो. टॅन, म्हणजे उगमस्थानी करकपात करणाऱ्याचा क्रमांक, घेतला असेल तर तो परत करावा. व्यवसाय बंद झाल्याचे आयकर विभागाच्या निर्धारण अधिकाऱ्याला १५ दिवसांत कळवण्याची तरतूद १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १७६ मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक सल्लागाराकडून तपासून घ्यावेत. प्रात्यक्षिकासाठी पाळलेल्या कुत्र्यांवर घसारा मिळत नाही, कारण पशुधन यंत्रसामग्रीत मोडत नाही; मात्र असा प्राणी मेला किंवा कायमचा निरुपयोगी झाला तर त्याची मूळ किंमत वजा मिळालेली रक्कम खर्च म्हणून दाखवण्याची सोय १९६१ च्या कायद्यातील कलम ३६ मध्ये आहे. अनुमानित नफ्याच्या पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, कर भरणाऱ्याला ही वजावट वेगळी मागता येत नाही.

जागा सोडताना महावितरणकडे वीजपुरवठा कायमस्वरूपी खंडित करण्याचा अर्ज द्यावा, मीटरच्या शेवटच्या वाचनाचे छायाचित्र ठेवावे आणि सुरक्षा ठेव परत मागावी. मुद्रा किंवा अन्य कर्ज असल्यास ते फेडून बँकेचे ना-देय प्रमाणपत्र घ्यावे. चालू खाते सगळ्यांच्या शेवटी बंद करावे, कारण कराचा परतावा आणि विजेची ठेव त्याच खात्यात यायची असते. वस्तू व सेवा कराचे हिशेब मात्र त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात.