मराठीतल्या कल्पनेला ‘विज्ञान’ कधी चिकटलं

मराठीत सायफाय-फँटसी एवढी कमी का असं लोक विचारतात तेव्हा मला आधी मागे जावंसं वाटतं, कारण सुरुवातीला ती अजिबात कमी नव्हती. ‘मुक्तामाला’ आली १८६१ साली, आणि त्या काळात असल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचंच राज्य होतं. मग हरिभाऊ आपटे आले, घरातल्या बायकांची खरी दुःखं कादंबरीत आली, मोठंच काम झालं ते, पण अद्भुत म्हणजे निव्वळ टाइमपास हा शिक्का हळूहळू बसला तो बसलाच. गो. ना. दातारांनी इंग्रजी लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी कपडे चढवले, लोकांनी फडशा पाडला, समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली.

ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर ‘केरळ कोकिळ’ मासिकामध्ये १९००च्या सुमारास मराठीत आली होती, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न पोरांपर्यंत नेला. अनंत अंतरकरांचं ‘नवल’ मासिक, भयकथा लिहिणारे नारायण धारप, हा माझा लाडका टप्पा, भूत असो की परग्रह, यातून काय शिकलात असं कुणी विचारत नसे!

मग १९७४. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा. जयंत नारळीकर तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून चांगलेच प्रसिद्ध, नावाकडे बघून बक्षीस नको म्हणून आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ झाले, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या कथेचं कौतुक केलं, आणि विज्ञानकथेला एकदम पंगतीत पाट मिळाला.

पण माझ्या मते तिथेच एक गोची झाली. मान मिळाला तो कल्पनेला कमी आणि विज्ञानाला जास्त, म्हणजे कथेने काहीतरी शिकवलंच पाहिजे अशी अपेक्षा मागे लागली, मग तीन पानं झाली की कुणीतरी प्रोफेसर खुर्ची ओढून समजावायला बसतात आणि मी पानं उलटते, खरं सांगते. नारळीकरांचीच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या, डाव्या सोंडेची मूर्ती आरशातल्यासारखी पलटून उजव्या सोंडेची होते, काय भन्नाट कल्पना आहे, आपल्या देवघरातली! ती मूर्ती वाचून अंगावर काटा येतो, पुढचं स्पष्टीकरण मला तरी गाइड वाचल्यासारखं वाटतं.

लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर या विज्ञानकथाकारांकडे माणूस आधी येतो आणि यंत्र मागून, म्हणून मला ते नारळीकरांपेक्षा जास्त आवडतात. आता मारा दगड.