३५ लाखांवरून १५ वर: आफ्रिकेतल्या नारूची पार्श्वभूमी

२०२४ या संपूर्ण वर्षात जगभरात नारूचे, म्हणजे कातडीतून दोऱ्यासारखा जंत बाहेर येणाऱ्या रोगाचे, फक्त १५ रुग्ण सापडले. नऊ चाडमध्ये, सहा दक्षिण सुदानमध्ये. १९८६ साली हाच आकडा अंदाजे ३५ लाख होता आणि आफ्रिका व आशियातले २१ देश या रोगाने ग्रासलेले होते. नारूवर आजही औषध नाही, लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. तरीही तो इतका मागे हटला. ते कसं घडलं, हे समजायला दवाखान्यांपेक्षा खेड्यातले पाणवठे पाहावे लागतात.

महाराष्ट्रातल्या पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाला नारू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नारूचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा, अशा अर्थाच्या सूचना भिंतींवर रंगवलेल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर असतील. आपल्याकडे रोगाचं मूळ होतं पायऱ्यांच्या विहिरींत. माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, आणि तेच पाणी घागरीत भरून घरी नेतो. अशा विहिरी बुजवल्या गेल्या किंवा पायऱ्या बंद करून वरून पाणी शेंदायची सोय केली गेली, हातपंप बसले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. आफ्रिकेतल्या गावांपुढे प्रश्न हाच होता, पण तिथे पाणवठा म्हणजे बहुतेक ठिकाणी उघडं तळं किंवा पावसाळ्यात साचलेलं डबकं. त्याला ना पायऱ्या, ना कठडा.

रोगाचं चक्र साधं आहे आणि म्हणूनच ते तोडता येतं. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाची बारीक पिसू असते. तिच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. ते पाणी न गाळता प्यायलं की अळ्या शरीरात शिरतात. पुढे सुमारे वर्षभर काहीच कळत नाही. मग एके दिवशी पायावर फोड येतो, आग आग होते, आणि फोड फुटून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं बाहेर काढतो. तो मीटरभर लांब असू शकतो. आग शमवायला माणूस पाण्यात पाय बुडवतो, आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. जंत बाहेर काढायचा उपाय हजारो वर्षांत बदललेला नाही: काडीला किंवा पट्टीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तो तुटला, तर आत सूज येते, पू होतो. हे काम कित्येक आठवडे चालतं. हे चक्र रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास उलगडलं होतं. म्हणजे रोग कसा थांबवायचा हे शंभर वर्षं माहीत होतं. ज्या गावांना ते कळायला हवं होतं, तिथवर कोणी पोचलं नव्हतं.

नारू सहसा जीव घेत नाही. तो माणसाला नेमक्या वेळी झोपवतो, आणि ती वेळ बहुतेकदा पेरणीची किंवा कापणीची असते. मालीतले डोगोन लोक त्याला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात. घरातली आई अंथरुणाला खिळली की लहान मुलांची आबाळ होते, मोठी मुलं शाळा सोडून शेतात जातात. मृत्यूंच्या आकड्यांवरून पैसा वाटणाऱ्या जगात असा रोग मागे पडणारच. माझ्या मते तो इतका काळ टिकला त्याचं खरं कारण हेच आहे. मरण मोजलं जातं, बुडालेला हंगाम कोणी मोजत नाही.

चित्र पालटायला निमित्त झालं पाण्याचं. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे दशक पिण्याच्या पाण्यासाठी वाहिलं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातले डॉक्टर डोनाल्ड हॉपकिन्स देवीच्या निर्मूलनात काम करून आलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा आग्रह धरला की या दशकाचं यश मोजायला नारूसारखी खूण नाही, कारण तो फक्त पिण्याच्या पाण्यातूनच होतो. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला. त्याच वर्षी माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सेवाभावी संस्थेने, अटलांटाच्या कार्टर सेंटरने, हे काम हाती घेतलं. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना सोबत होत्याच.

१९८८ मध्ये कार्टर घानातल्या एका गावात गेले होते. तिथे एक तरुण बाई उभी होती. हाताशी बाळ धरलंय असं त्यांना वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की ते बाळ नाही, नारूने सुजलेला तिचा स्तन आहे. हा प्रसंग ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

पहिलं काम होतं मोजणीचं. नायजेरियात १९८८ पासून गावोगाव फिरून शोध घेतला तेव्हा साडेसहा लाखांहून जास्त रुग्ण निघाले. सरकारी दफ्तरात तोवर त्यातले मूठभरच होते. घानात पावणेदोन लाखांहून जास्त. दवाखाना दूर आणि पाय सुजलेला, तर रुग्ण दवाखान्यात येणार तरी कसा? म्हणून मोजणी गावातच, गावातल्याच माणसाने करायची असं ठरलं. साऱ्या मोहिमेचा पाया यातूनच घातला गेला.

प्रत्येक बाधित गावात एक-दोन स्वयंसेवक निवडले गेले, बहुतेक बिनपगारी. शिक्षण बेताचं, काहींना लिहिता येत नसे, त्यांच्यासाठी चित्रांच्या नोंदवह्या. काम ठरलेलं: घरोघर जायचं, फोड दिसला की चोवीस तासांत नोंद करायची, जखम धुऊन पट्टी बांधायची, रुग्णाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि प्रत्येक घरात पाणी गाळायचं कापड आहे ना ते पाहायचं. कापड साधं असलं तरी जाळी इतकी बारीक हवी की सायक्लॉप्स वरच अडकावी. सुरुवातीला सुती कापड वापरलं गेलं, पण ते लवकर चोंदायचं. मग डुपाँट आणि प्रिसिजन फॅब्रिक्स या कंपन्यांनी नायलॉनचं खास कापड देणगी म्हणून दिलं. गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांसाठी गळ्यात अडकवायची, टोकाला जाळी बसवलेली नळी निघाली. तिनेच तळ्यातलं पाणी ओढून प्यायचं. तळ्यांत सायक्लॉप्स मारायला टेमेफॉस टाकलं गेलं, तेच ज्याला आपले मलेरिया कर्मचारी ॲबेट म्हणतात.

घानात रेड क्रॉसच्या महिला स्वयंसेविका कामाला लागल्या तेव्हा फरक दिसू लागला. पाणी भरतात बायका आणि गाळतातही बायका. सुरुवातीची वर्षं मात्र स्वयंसेवक म्हणून बहुतेक पुरुष निवडले गेले होते. ही चूक कळायला इतका वेळ लागायला नको होता. तळ्याकाठी राखण करणारी माणसंही नेमली गेली. दुखरा पाय घेऊन कोणी आलं तर ती त्याच्यासाठी स्वतः पाणी काढून देत.

मोहिमेला राजकीय वजनही लागलं. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख याकुबू गोवॉन आणि मालीचे अमादू तुमानी तुरे स्वतः गावांत फिरले. सगळ्यात अवघड ठरलं सुदान. तिथे गृहयुद्ध पेटलेलं होतं आणि बाधित गावं नेमकी त्याच भागात. मार्च १९९५ मध्ये कार्टर यांनी दोन्ही बाजूंकडून दोन महिन्यांची शस्त्रसंधी मिळवली. ती वाढत जवळजवळ सहा महिने टिकली. त्या मोकळ्या काळात आरोग्य कर्मचारी गाळणीची कापडं घेऊन गावांत पोचले आणि मुलांना लसही टोचली गेली. तरी खरं काम २००५ च्या शांतता करारानंतरच सुरू झालं. २००६ मध्ये दक्षिण सुदानात वीस हजारांवर रुग्ण होते. माकोय सॅम्युएल यिबी यांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या राष्ट्रीय मोहिमेने ते २०२० मध्ये एकावर आणले.

या यशाची दुसरी बाजूही इथेच नोंदवायला हवी. ज्या पाण्याच्या दशकासाठी नारूला खूण म्हणून निवडलं, त्या दशकात कबूल केलेलं पाणी कित्येक गावांत आलंच नाही. कापडाने नारू अडतो, हगवण अडत नाही. २००७ च्या सुरुवातीला उत्तर घानातल्या सावेलुगू या मोठ्या गावात नळाची व्यवस्था बंद पडली, लोक पुन्हा तळ्यावर गेले आणि शेकडो रुग्ण निघाले. घानाने तेही निस्तरलं: मे २०१० नंतर तिथे रुग्ण नाही आणि २०१५ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. पण सेवाभावी संस्था गाळणी पुरवू शकते. नळ चालू ठेवायचा तर सरकारच लागतं. हे काम आजही अनेक ठिकाणी अर्धवट पडून आहे.

आणि मग चाड. दहा वर्षं एकही रुग्ण नसलेल्या या देशात २०१० मध्ये नारू पुन्हा दिसला. दोन वर्षांनी शारी नदीकाठच्या गावांत तो कुत्र्यांमध्ये सापडला. माणूस हेच या जंताचं एकमेव घर, यावर सारी मोहीम उभी होती. तो आधारच हलला. कुत्री किनाऱ्यावर टाकलेली माशांची आतडी खातात, त्यातून अळ्या जात असाव्यात असं मानलं जातं. २०१९ मध्ये चाडमध्ये जवळपास दोन हजार कुत्री बाधित निघाली. स्वयंसेवकांच्या नोंदवहीत आता माणसांसोबत जनावरंही आली. माशांची घाण खड्ड्यात पुरायची, बाधित कुत्रं बांधून ठेवायचं, बांधून ठेवणाऱ्या मालकाला आणि खबर देणाऱ्याला रोख रक्कम द्यायची. माली आणि अंगोलातही जनावरांत नारू आहे.

शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, असं कार्टर यांनी २०१५ मध्ये कर्करोगाचं निदान झाल्यावर म्हटलं होतं. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, आणि त्या वर्षाची मोजणी शेवटी पंधरावर थांबली. देश नारूमुक्त ठरायला सलग तीन वर्षं एकही रुग्ण नको, आणि त्या तीन वर्षांत प्रत्येक अफवेमागे कोणीतरी गेलेलं असायला हवं. चाडमधल्या नदीकाठच्या गावांत हे काम अजून चालू आहे: कुत्रं बांधलंय का, आतडी पुरली का, कोणाच्या पायाला फोड आलाय का, हे घरोघर विचारत फिरायचं.