ब्युरेटचा नॉब कुणाच्या हातात?

एफवायला आमच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला दोघांत एक ब्युरेट मिळायची, म्हणजे खालचा नॉब फिरवून थेंब थेंब द्रव सोडायची मापाची काचेची नळी. माझा पार्टनर शहरातला, इंग्लिश मीडियमचा, एकदम बिनधास्त. पहिल्याच दिवशी त्याने नॉब धरला, मी जर्नल उघडलं, आणि वर्षभर तसंच चाललं, तो थेंब थेंब सोडायचा आणि मी रीडिंग लिहायचो. परीक्षेत एकट्यापुढे ब्युरेट आली तेव्हा कळलं की एक थेंब कसा सोडतात तेच आपल्याला येत नाही, फिकट गुलाबीवर थांबायचं होतं आणि माझा फ्लास्क पार राणी कलरचा झाला.

म्हणून 'पोरांना ग्रुपमध्ये शिकवा, मागे पडलेली आपोआप वर येतात' असं कुणी म्हटलं की मला तो नॉब आठवतो. ग्रुप आमचाही होताच की.

या प्रश्नावर अमेरिकेत बरंच काम झालंय. तिकडे डॉक्टर व्हायचं असो की इंजिनिअर, पहिल्या वर्षाची जनरल केमिस्ट्री बहुतेकांना चुकत नाही, मोठ्या कॉलेजांत एकेका हॉलमध्ये शेकडो मुलं बसलेली असतात आणि या चाळणीतून गळणाऱ्यांत काळी, लॅटिनो, गरीब घरची मुलं जास्त. यावर वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर असायचं, तयारी कच्ची असते, मेहनत कमी पडते.

या उत्तराला पहिला मोठा धक्का खरं तर गणितातून बसला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाच्या संशोधकाने कॅल्क्युलस शिकणाऱ्या २० काळ्या आणि २० चिनी वंशाच्या मुलांच्या मागे राहून ती अभ्यास कसा करतात ते बघितलं. काळी मुलं आळशी वगैरे अजिबात नव्हती, सांगितलेले तास इमानदारीत भरत होती, पण एकेकटी, खोलीत दार लावून. चिनी मुलं आधी एकटी बसायची, मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासायची, चुका काढायची, आणि आपण नक्की कुठे आहोत ते त्यांना परीक्षेच्या आधीच कळायचं. यावर ट्राइसमनने जादा क्लास नाही काढले, उलट अवघड गणितं देऊन मुलांना एकत्र बसवलं.

केमिस्ट्रीत हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये आलं, १९९० च्या दशकात. हार्लेममधलं सरकारी कॉलेज, स्थलांतरितांची पोरं भरपूर. तिथे सहा ते आठ जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला लीडर म्हणून तोच कोर्स आधी चांगला पास झालेला एक विद्यार्थी दिला. गंमत म्हणजे उत्तरांचा कागद कुणालाच नाही, लीडरलासुद्धा नाही! कागद असता तर पोरांनी लीडरच्याच तोंडाकडे बघत बसायचं ठरवलं असतं, दुसरं काय.

दुसरी पद्धत पोगिल, म्हणजे प्रश्नांच्या आधाराने मुलांनी स्वतः शोधत शिकायचं, १९९४ ची, पेन्सिल्वेनियातल्या फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजच्या केमिस्ट्रीवाल्यांची. तिथे सर 'अणुअंक म्हणजे...' अशी सुरुवातच करत नाहीत. तीनचार जणांपुढे कार्बनच्या अणूंची चित्रं येतात, एकात न्यूट्रॉन ६, दुसऱ्यात ७, एकावर ऋण भार. प्रश्न एवढाच, सगळ्यांत सारखं काय? मोजून मोजून पोरं प्रोटॉनवर येतात, सगळीकडे ६, आणि मग कुठे त्याला अणुअंक म्हणतात हे सांगितलं जातं. मला यातली खरी हुशारी ही वाटते की ज्याने हा शब्द आधीच क्लासमध्ये घोकलाय आणि ज्याने पहिल्यांदाच ऐकलाय, दोघंही त्याच चित्रासमोर बसून मोजतायत. शिवाय गटात एक मॅनेजर, एक लिहिणारा, एक बोलून दाखवणारा असतो आणि ही कामं आलटून पालटून दिली जातात. आमच्या बॅचला एवढा एक नियम असता तर!

नुसतं एकत्र बसवून भागत नाही याचा पुरावाही आहे. १९९२ मध्ये मिनेसोटातल्या फिजिक्सवाल्यांना दिसलं की दोन मुलगे आणि एक मुलगी असा गट केला की मुलगी जास्त हुशार असली तरी चालायचं मुलग्यांचंच. आणि २०२० मध्ये विज्ञान-इंजिनिअरिंगच्या कोर्सेसचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा मुलांना स्वतः काम करायला लावणाऱ्या वर्गांत वंचित गटांतली मुलं आणि बाकीची यांच्यातली परीक्षेतल्या मार्कांची दरी सरासरी ३३ टक्क्यांनी आणि पास होण्यातली ४५ टक्क्यांनी कमी निघाली, पण ती कमी झाली ती तासाचा बहुतेक वेळ यात घालवणाऱ्या वर्गांत. अधूनमधून 'शेजाऱ्याशी बोला' म्हणणाऱ्यांच्यात नाही.

त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २५ हजारांहून जास्त जनरल केमिस्ट्रीवाल्यांचे रेकॉर्ड तपासले गेले. वंचित गटातली जी मुलं सी ग्रेड किंवा त्याच्या वर गेली ती पुढची केमिस्ट्री घेण्यात बाकीच्यांपेक्षा पुढे होती, आणि त्याच्या खाली राहिलेली बाकीच्यांपेक्षा जास्त गळत होती. म्हणजे दोनचार मार्कांवर अख्खं करिअर.

एक मात्र आहे, पोरं सुरुवातीला कुरकुरतात, सर शिकवतच नाहीत म्हणून. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात असंच दिसलं, मस्त लेक्चर ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं आणि टेस्टमध्ये मार्क मात्र गटात डोकं आपटणाऱ्यांना जास्त पडले. मग अभ्यास करणाऱ्यांनी टर्मच्या सुरुवातीलाच पोरांना बसवून हे सगळं समजावून सांगितलं, की बाबांनो अवघड वाटणार, वाटू दे.