आधी मागून पाहा: तिकिटांच्या कॅटलॉगची पार्श्वभूमी

१ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली आणि त्याच दिवशी टपाल खात्यानं भारताच्या नकाशाची तिकिटं काढली. जुन्या पत्रांवर ती अजूनही सापडतात. नवा संग्राहक त्यातलं १ नया पैशाचं तिकीट घेऊन एखाद्या जाणत्याकडे जातो आणि विचारतो, "काका, याची किंमत काय?" काका म्हणतात, "मागून पाहिलंस का?" कारण सुरुवातीच्या तिकिटांच्या कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण) आहे, तर १९५८ नंतरच्या छपाईत अशोकस्तंभाच्या सिंहांचा. समोरून चित्र तेच, पण कॅटलॉगमध्ये नोंदी दोन.

आधी स्वतः शोधायचं आणि मग विचारायचं, ही शिस्त या छंदात पहिल्यापासून नव्हती. शोधायला जागाच नव्हती. पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, मे १८४० चं. १ जुलै १८५२ ला तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये तिथले कमिशनर बार्टल फ्रियर यांनी आशियातली पहिली चिकटवायची तिकिटं आणली. सगळी अर्ध्या आण्याचीच, पण लाल, पांढरी आणि निळी. आता 'सिंधचं अर्ध्या आण्याचं तिकीट' एवढंच कुणी पत्रात लिहिलं, तर समोरच्यानं नेमकं कुठलं समजायचं? १८६२ च्या सुमारास लंडनच्या बर्चिन लेनमध्ये संग्राहक अदलाबदलीसाठी जमत. तिथे तिकीट हातात असायचं, बोट ठेवून दाखवता यायचं. गावाबाहेरच्या माणसाला वर्णनाशिवाय गत्यंतर नव्हतं.

ही अडचण याद्यांनी सोडवली. १८६१ मध्ये स्ट्रासबर्गच्या ऑस्कर बर्जे-लेव्रो यांनी यादी छापली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये आल्फ्रेड पोटिके यांनी पहिला कॅटलॉग काढला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांचा कॅटलॉग आला. ग्रे ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ होते. मला या साऱ्या कथेत हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. प्राण्यांच्या जाती वेगळ्या करायची सवय लागलेली नजर तिकिटांवर पडली, हे छंदाचं भाग्यच. प्लिमथमध्ये वडिलांच्या औषधांच्या दुकानात तिकिटं विकायला लागलेल्या स्टॅन्ली गिबन्स यांची पहिली किंमतयादी १८६५ ची, तर न्यूयॉर्कच्या जॉन वॉल्टर स्कॉट यांचा कॅटलॉग १८६८ चा. या दोन घराण्यांचे कॅटलॉग क्रमांक पुढे संग्राहकांची भाषाच होऊन बसले. गिबन्सचा क्रमांक लिहिला की पुण्यातल्या आणि टोरांटोतल्या माणसासमोर एकच तिकीट उभं राहतं.

दरम्यान पॅरिसचे डॉक्टर लग्रां यांनी १८६६ मध्ये कडेची छिद्रं मोजायची पट्टी सुचवली. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं, हे मोजायचं. ते माप आजही तसंच चालतं.

पण कॅटलॉग असला तरी त्यात शिरायचं कसं, हे शिकावंच लागतं. 'हेल्व्हेशिया' लिहिलेलं तिकीट ह मध्ये शोधणारं पोर हिरमुसतं, कारण ते स्वित्झर्लंडखाली आहे. 'मॅग्यार' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड. ब्रिटनच्या तिकिटावर तर देशाचं नावच नसतं, राजा किंवा राणीचं डोकं ओळखायचं. आज संगणकावर शब्द टाकून शोधतानाही नेमकं इथेच अडतं: आपण आपला शब्द टाकतो, नोंद दुसऱ्याच शब्दाखाली असते.

कॅटलॉगमध्ये न मावणारं ज्ञान मासिकांत साठत गेलं, आणि तेही शोधण्याजोगं करायला कुणीतरी बसलं. सेंट लुईसच्या जॉन टिफनी यांनी १८७४ मध्ये तिकिटांवरच्या साहित्याची सूची केली. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे अर्ल ऑफ क्रॉफर्ड या ब्रिटिश उमराव-संग्राहकानं विकत घेतला. एडवर्ड डेनी बेकन यांनी क्रॉफर्ड ग्रंथालयाची जी सूची केली, ती १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१३ मध्ये अर्ल वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे ग्रंथ ब्रिटिश म्युझियमला गेले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. स्वतःच्या संग्रहापेक्षा दुसऱ्याच्या शोधासाठी इतके कष्ट घेणाऱ्या या सूचीकारांबद्दल मला मनापासून आदर आहे.

नकाशाच्या त्या तिकिटाकडे परत येऊ. काळ्या थाळीत ते पालथं ठेवायचं, तारे दिसतात की सिंह ते पाहायचं, मग कडेची छिद्रं मोजायची आणि क्रमांक काढायचा. एवढं झाल्यावरही रंगाची छटा खरी की उन्हानं उतरलेली, शिक्का अस्सल की मागाहून मारलेला, हे प्रश्न उरतात. तिथे काकांची नजरच लागते, आणि तेही अशा वेळी भिंग काढून खुर्ची पुढे ओढतात.