दंडघेर

दंडघेर म्हणजे बालकाच्या दंडाच्या मध्यावर मोजलेला घेर. ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांमधील तीव्र कुपोषण ओळखण्यासाठी तो मोजतात. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर असतो, तिथे वजनकाटा आणि उंचीमापक वाहून नेणे जिकिरीचे होते. दंडघेर मोजायची रंगीत पट्टी मात्र खिशात मावते.

या वयात मुलाचे वजन दुपटीहून अधिक वाढते, दंड मात्र थोडाच भरतो. म्हणून सर्वांना एकच मर्यादा लावता येते. जन्माची नोंदच नसलेल्या वस्त्यांत हा गुण फार मोलाचा. उपासमारीत शरीर स्नायू आणि चरबी जाळते व ती झीज दंडावर दिसते. त्यामुळे मृत्यूचा धोका ओळखण्यात दंडघेर ‘उंचीनुसार वजन’ या मापापेक्षा सरस ठरतो.

डावा हात कोपरात दुमडून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करतात. मग हात सैल सोडून उघड्या दंडाभोवती पट्टी गुंडाळतात. पट्टी आवळली की कातडीला वळी पडते आणि धडधाकट मूलही कुपोषित ठरते. सैल राहिली, तर खंगलेले मूल पट्टीवरच्या हिरव्या, म्हणजे धडधाकट मुलांच्या, रंगात जाऊन नजरेतून सुटते, आणि ही चूक अधिक घातक आहे. मूल रडत हात आखडत असेल, तर ते आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत थांबावे.

११.५ सेंमीपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण (लाल), ११.५ ते १२.५ सेंमी म्हणजे मध्यम (पिवळा). लाल रंगाची मर्यादा पूर्वी ११ सेंमी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती २००९ मध्ये वाढवली. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा तसाच राहिला, तर पट्टी काहीही दाखवो, ते मूल तीव्र कुपोषितच धरतात.

१९६० च्या दशकाअखेरीस नायजेरियातील बियाफ्रा युद्धात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मदतपथकांनी उंचीच्या काठीवरच दंडघेराचे आकडे मांडले होते. रंगीत पट्टी पुढे शाकिर आणि डेव्हिड मॉर्ली या डॉक्टरांच्या १९७४ मधील लेखामुळे रुळली. जुन्या एक्स-रे फिल्मपासूनही ती करत.

खुंटलेली उंची दंडघेरातून कळत नाही. उंचीनुसार वजन कमी भरलेली बरीच मुलेही त्यातून सुटतात. काटा हाताशी असेल तिथे दोन्ही मापे घ्यावीत.

नायजरमध्ये आयांच्या हाती पट्ट्या दिल्या, तेव्हा त्यांची मापे प्रशिक्षित आरोग्यसेवकांच्या मापांशी बव्हंशी जुळली. मुले लवकर उपचारांना आली आणि त्यांतल्या कमी जणांना रुग्णालयात ठेवावे लागले.